मोहघाटच्या रामाचे पाय

चित्रं पाहायला माणूस कुठे जातो? मुंबईला जातो, बडोद्याला जातो. फारच पैसेवाला असला तर बोटीत बसून इटलीला जातो आणि परत आल्यावर दोन वर्षं शेजाऱ्यांना सुखानं जेवू देत नाही. मी वैनगंगेपलीकडच्या मोहघाटला गेलो. तुम्ही तिथे गेलेला नाहीत हे मी पैजेवर सांगतो. जाणारही नाही, कारण मूल गावाच्या पुढे जी मोटार लागते तिच्यात एकदा बसलेला माणूस दुसऱ्याला 'जा' असं म्हणूच शकत नाही. म्हणून तर लिहितो आहे. तुम्ही घरी गादीवर लोळत वाचा आणि हाडं शाबूत ठेवा.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. मी नागपुरात छत्र्यांचं दुकान चालवतो. चित्रकलेशी माझा संबंध म्हणाल तर दुकानातल्या लक्ष्मीच्या तसबिरीला रोज हार घालणं, इतकाच. पण माझे जिवलग दोस्त गोविंदराव हे शाळेत ड्रॉइंग मास्तर आहेत. चित्र दिसलं की त्यांचे पाय जमिनीत रुजतात. एकदा अजबखान्यात एका विलायती देवीच्या चित्रापुढे ते इतका वेळ उभे राहिले, की झाडूवाल्यानं त्यांच्याभोवतीची जागा झाडून घेतली आणि त्यांच्यावरची धूळही झटकली.

मास्तरांनी मला चित्र कसं पाहायचं ते शिकवलं आहे. आधी रेषा पाहायची, मग रंग, मग मांडणी. मी मान डोलावतो आणि माझ्या पद्धतीनं पाहतो. माझी पद्धत सोपी आहे. चित्रात अडचणीत कोण आहे? कोण कुणाकडे बघतंय? आणि खायला काय आहे? देवादिकांच्या चित्रांत या तिन्ही गोष्टी हटकून सापडतात. विलायती देवमाणसं जेवायला बसल्याचं एक मोठं चित्र आम्ही पाहिलं, तेव्हा मास्तर प्रकाश कुठून येतो ते शोधत होते. मी तोवर ताटात मासा आहे की नुसतीच भाकरी, याचा छडा लावला होता.

तर या मास्तरांना कुणीतरी सांगितलं, मोहघाटच्या राममंदिरात भोसल्यांच्या काळातल्या चिताऱ्यानं रंगवलेली भिंत आहे. झालं! मास्तरांची झोप उडाली. "कुणी चुना फासण्याआधी पाहून घेतली पाहिजे," असं ते दिवसातून दहादा म्हणू लागले. चैत्र लागला, रामनवमीची सुटी जोडून आली आणि माझी बायको म्हणाली, "घेऊन जा हो त्यांना, नाहीतर आपल्याच भिंतीकडे बघत बसतील."

मूलची मोटार

छोट्या रेल्वेनं मूल गाठलं. तिथून पुढच्या मोटारीचं वर्णन करायला माझी लेखणी तोकडी आहे. तिला ब्रेक होता की नव्हता हे ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक नव्हतं, कारण वापरायची वेळच येत नसे. ती आपण होऊन थांबायची. ऊन असं, की कावळे सावलीसाठी एकमेकांच्या खाली बसले होते. दोन्ही बाजूंना जंगल, पानं गळालेली, आणि मोहाच्या फुलांचा सडा. त्या वासानंच निम्मे उतारू झिंगले होते. सावली गावाच्या अलीकडे तर एक अस्वल पोटभर मोह खाऊन रस्त्यात आडवं झोपलेलं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अस्वलानं कूस बदलली. शेवटी कंडक्टरनं खाली उतरून 'ओ मामा' अशी हाक मारली, तेव्हा कुठे ते उठलं आणि आमच्याकडे तुच्छतेनं बघत निघून गेलं. मास्तर म्हणतात, ती काळी घोंगडी होती आणि आत गुराखी होता. मास्तरांना रेषेपलीकडचं दिसत नाही.

माझ्या शेजारी एक भारदस्त गृहस्थ बसले होते. गावची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन मिशा तेवढ्या शिल्लक राहिलेले. मांडीवर एक छत्री, तिचं कापड राखेच्या रंगाचं.

"कुठून येऊन राह्यले, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"नागपूरहून."

"काय करता मंग नागपुराले?"

आता तुम्हीच सांगा, अशा उन्हात, अशा मोटारीत, 'छत्र्या विकतो' हे उत्तर देववतं का? मी म्हणालो, "चित्रं काढतो. देवादिकांची. राजवाड्यांतून."

मास्तरांनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. त्यानं मला आणखी चेव आला. मी सांगितलं, की एका संस्थानिकाच्या वाड्यात मी भिंतीवर गंगा रंगवली. महाराजांचा हत्ती तिथून चालला होता. त्यानं ती पाहिली आणि तो सोंड भिंतीला लावून उभा राहिला तो अख्खा उन्हाळा हलला नाही. शेवटी महाराजांनी मला परत बोलावलं आणि मी गंगेवर एक मगर काढली, तेव्हा हत्ती घाबरून पिलखान्यात परतला.

गृहस्थांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग मांडीवरच्या छत्रीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. इतका आदर मी माणसाच्या डोळ्यांत क्वचितच पाहिला आहे.

"म्हंजे रंगातलं चांगलंच समजते तं तुमाले," ते म्हणाले.

"रंग म्हणजे माझा श्वास!"

"मंग आमच्याच घरी उतरा. मी दाजीबा, मोहघाटचा. देवानंच धाडलं तुमाले."

नदीवर

वैनगंगा चैत्रात अंग चोरून घेते. कोसभर तापलेली वाळू तुडवायची, मग मधे खोल धार लागते, तिथे नाव. आमचे तळपाय भाजून त्यांच्या पुऱ्या झाल्या होत्या. नावाडी सोमा हा गावच्या ढिवरांचा म्होरक्या, मासेमारीत आणि बोलण्यात सारखाच पटाईत. मी धावत जाऊन नावेत पाय टाकणार, तोच त्यानं वल्हं आडवं धरलं.

"पाय."

"काय झालं पायांना?"

"धुवा. मंग चढा."

"अरे, मी काय चिखलातून आलो? वाळू तर आहे!"

"रेतीचंच तं भेव हाये," सोमा गंभीरपणे म्हणाला. "रामाच्या पायाच्या धुळीनं दगडाची बाई झालती. माही नाव तं लाकडाची. तिची बाई झाली तं मी कायच्यात बसू? अन् घरी एक हाये, तिलेच लुगडं पुरत नाई."

दाजीबांनीसुद्धा मुकाट्यानं पाय धुतले. नावाड्यानं रामाचे पाय धुतल्याशिवाय त्याला नावेत घेतलं नाही, ही गोष्ट मी कीर्तनात ऐकली होती. पण ती गोष्ट ही माणसं घाटाचा नियम म्हणून रोज पाळतात, हे काही मी नागपुरात ऐकलं नव्हतं. आमच्याकडे टांग्यात बसताना टांगेवाला फार तर विडी मागतो.

पलीकडच्या काठावर झाडाझाडांवर जाळी लटकलेली होती, कोरडी ठणठणीत. मी सोमाला म्हणालो, "ही सगळी जाळी वाळत का घातलीत? गावचा तलाव तर आता आटला असेल. मासे धरायची हीच वेळ ना?"

सोमानं वल्हं मारत दाजीबांकडे नजर टाकली. "ते मालकाले विचारा, भाऊ. जाळे टाकाचे का नाई, ते आता रामाच्या पायावर हाये."

"पाय कुठी आहेत?" दाजीबा मिशीतल्या मिशीत पुटपुटले. "तोच तं घोळ झाला ना बाप्पा."

भिंत

मंदिर लहानसं, कौलारू, तलावाच्या पाळीवर. आत शिरलो आणि डाव्या हाताच्या भिंतीपुढे मास्तर रुजले. या खेपेला मीही रुजलो, खोटं का सांगू?

अख्खी भिंत म्हणजे एक नदी. पाणी कसं? तर टोपलीच्या विणीसारखं, उलटसुलट रेघांचं. पाण्यात मासे, एकेक माणसाएवढा, आणि एक मगर, तिच्या तोंडावर लग्नात विहीण हसते तसं हसू. मधोमध एकाच लाकडातून कोरलेली लांबलचक नाव. नावेच्या काठावर राम, एक पाय आत टाकण्याच्या बेतात. मागे लक्ष्मण, त्याला भोसल्यांच्या शिलेदाराची पगडी आणि झुबकेदार मिशा. सीतामाई नऊवारीत, नाकात नथ, जणू महालातल्या सणाला निघाली आहे. खाली गुडघे टेकून नावाडी, पोट सुटलेला, हात पुढे केलेले. काठावर त्याची बायको घागर घेऊन उभी, 'आणा आता घरी आणखी एक' असा चेहरा करून. पलीकडे मोहाची झाडं आणि पाणी पिणारा वाघ. रंग किती? गेरू, पिवडी, नीळ आणि काजळी. तेवढ्यात त्या चिताऱ्यानं अख्खं त्रिभुवन उभं केलं होतं.

"रेषा पाहा, रेषा," मास्तर कुजबुजले.

मी माझ्या पद्धतीनं पाहिलं. अडचणीत कोण? नावाडी. कोण कुणाकडे बघतंय? राम खाली, लक्ष्मण खाली, नावाडी समोर, त्याची बायको वाकून, वाघ पाण्यातून मान वर करून, मगरसुद्धा डोळा तिरपा करून. सगळे एकाच जागी बघत होते. रामाच्या पायांकडे. एकट्या सीतामाई पाण्यातल्या माशाकडे बघत होत्या. मला त्या फार आपल्या वाटल्या.

मग सगळे बघत होते तिकडे मी बघितलं, आणि हसू फुटलं. रामाच्या पायांत पिवळ्याजर्द, चकचकीत, होडीएवढ्या खडावा होत्या! कोऱ्या करकरीत, कालच बाजारातून आणल्यासारख्या. अख्खं त्रेतायुग नव्या खडावा बघायला जमलं होतं.

मास्तर मात्र डोकं धरून खाली बसले. "हे कोणी केलं?"

"मी करवलं," दाजीबा म्हणाले, आणि मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

मोहघाटला ढिवरांची पन्नासेक घरं. दर रामनवमीला त्यांतलं एक घर पाळीनं या भिंतीतल्या रामाचे पाय धुतं. खरोखरच्या पाण्यानं, हातानं चोळून. पाय धुतले की देव नावेत बसला, देव नावेत बसला की दुसऱ्या दिवशी तलावात जाळं पडतं. त्याआधी कुणी पाण्यात गळसुद्धा टाकत नाही. भिंत रंगवली तेव्हापासून हे चाललेलं. आता चित्रातले पाय म्हणजे काही संगमरवर नव्हे. पणजोबांच्या काळात नखं गेली, आजोबांच्या काळात बोटं गेली, आणि दाजीबांच्या काळात घोट्याखाली काहीच उरलं नाही.

"तालुक्याचे सायब यंदा आल्ते," दाजीबा म्हणाले. "मले म्हन्ते, तुमचा राम लंगडा आहे का? मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांद्याहून पेंटर आनला, पाट्या रंगवनारा. तो म्हने, मालक, मले बोटं जमत नाईत, खडावा जमतात. म्हटलं, काढ बाबा. वनवासात काटे रुततात, खडावा असल्या तं बरंच हाये."

"अन् आता म्हन्तात, खडावाच धुवा!" दारातून आवाज आला.

दारात एक म्हातारी उभी होती. बारीक, काळी, ताठ. हातात घासून सोन्यासारखी केलेली पितळी परात. ही भागरताबाई. या वर्षीची पाळी तिच्या घरची.

"बाई, पानी घालाचं, हात फिरवाचा. पाय काय अन् खडावा काय?" दाजीबा म्हणाले.

"वा मालक! रेती कुठी रायते? तळपायाले रायते का खडावाले? पाय न धुता वरून खडावा धुवून नावेत घेतलं, अन् नावेची बाई झाली तं? तुमी पोसान तिले?"

बाहेर ढिवरांच्या बाया हसल्या. दाजीबांच्या मिशा थरथरल्या. "मंग काय चाकूनं खरडू? देवाच्या पायावर चाकू चालवू? माह्या हातून नाई होनार."

"खरडाले कोन म्हन्ते? मीच हात तोडीन खरडनाऱ्याचा," भागरताबाई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम उतरला. ती माझ्याकडे वळली, का कुणास ठाऊक. "भाऊ, मी नवी नवरी होती, तवा आमची पाळी आल्ती. सासूनं धुतले. मी लोटा धरला. सासूनं मले एकच डाव हात लावू देल्ला. म्हने, आता तुही पाळी यीन तवा पोटभर धूजो. तवापासून वाट पाहून राह्यली. उद्या नवमी हाये. उद्या राह्यलं तं पाळी पुढच्या घरी जाते. मंग आमच्या घरी यीन तवा धुयाले माही नातसून असीन. मी कुठी असीन?"

परातीत संध्याकाळचं ऊन पडलं होतं आणि त्याचा कवडसा रामाच्या त्या भल्यामोठ्या खडावांवर हलत होता.

दाजीबांचा पाहुणचार

रात्री जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी आणि तळलेले वाळके झिंगे. हे झिंगे मागच्या सालचे, असं दाजीबांनी तीनदा सांगितलं आणि तीनदा उसासा टाकला. ताज्या माशाला अख्खं गाव आसुसलेलं होतं. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी घ्या' म्हणतात. इकडे म्हणतच नाहीत, सरळ वाढतात, आणि ताटावर हात धरला तर हातावर वाढतात. मास्तरांच्या बोटांवर वरण होतं आणि डोळ्यांत पाणी.

ताक पिताना दाजीबा सावकाश म्हणाले, "पेंटरसायब, आता तुमीच सांगा. हत्तीले फसवलं तुमी. तुमाले दोन पाय काढनं काय जड हाये?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड फिरवलं. नंतर ओसरीवर मी त्यांच्या विनवण्या केल्या. पण ते म्हणाले, "जुन्या भिंतीला मी हात लावणार नाही. हात तोडून दिला तरी नाही. तुम्ही काढा. मगर काढता येते ना?" खरा मित्र असाच वेळेला उपयोगी पडतो.

मी पाय काढायला बसलो तर काय निघेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. शाळेत मी आंबा काढला होता, त्याला गुरुजींनी 'गणपती चांगला आहे' असा शेरा दिला होता. पळून जावं तर मधे नदी, आणि नावेत सोमा.

सकाळी सगळे अंघोळीत असताना मी गुपचूप मंदिरात गेलो. पाय काढण्याआधी निदान त्या जागेची ओळख तरी करून घ्यावी. घामेजलेला अंगठा सहज खडावेच्या टोकावर टेकला. उचलला तर अंगठा पिवळा!

वाचकहो, त्या क्षणी माझ्या अंगात कुळदैवत संचारलं. मी अंगठ्याचा वास घेतला. सरस! जनावराचं कातडं उकळून केलेल्या डिंकात कालवलेला कच्चा रंग. चित्रातलं मला काही कळत नसेल, पण कोणता रंग पाण्यात टिकतो आणि कोणता गिऱ्हाईकाच्या धोतरावर उतरतो, हे छत्रीवाल्याला नाही कळणार तर कुणाला? त्या पेंटरनं सावलीत टांगायच्या पाटीचा रंग वापरला होता. कोमट पाणी लागलं की सरस सुटणार, खडावा निघणार आणि खालून जे काही जुनं असेल ते वर येणार. ना चाकू, ना कुंचला.

मी छाती काढून दाजीबांकडे गेलो आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "पाय मी काढणार नाही. रामाचे पाय रामानंच खडावांतून बाहेर काढावेत. तुम्ही त्याला विचारलंत का कधी? खडावा घातलेल्या पाहुण्याला आपण दारात काय म्हणतो? 'काढा' म्हणतो. ज्या घरची पाळी, त्या बाईनं म्हणावं. फक्त पाणी जरा गरम हवं. एवढ्या उन्हातून चालून आलेला देव, गरम पाण्यानं शीण जातो. आणि चांगलं सावकाश चोळायचं."

"खरडाचं नाई?" दाजीबांनी विचारलं.

"नखसुद्धा लावायचं नाही."

दाजीबांनी पुन्हा माझ्याकडे तसंच टक लावून पाहिलं. मग त्यांच्या मिशा एका बाजूनं हलल्या. "धुयाले माही काई हरकत नाई," ते म्हणाले.

रामनवमी

दुपारी मंदिरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेतकरी एका बाजूला, ढिवर एका बाजूला. बाहेर तलावाच्या पाळीवर अख्खी पंचक्रोशी. पाळणा हलला, गुलाल उडाला, सुंठवडा वाटला. मग सगळे डाव्या भिंतीकडे वळले आणि गलका थांबला. भागरताबाई खाली बसली. तिनं परात भिंतीला टेकवली. सुनेनं गरम पाण्याचा लोटा धरला. म्हातारीनं पदर खोचला, रामाकडे वर पाहिलं, आणि घरच्या माणसाला सांगावं तशी म्हणाली, "काढ रे बाप्पा खडावा. पाय धुवाचे हायेत."

पाणी पडलं. हात फिरला. काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा पाणी पडलं. हात फिरला, आणि परातीत पिवळी धार लागली!

"निघून राह्यल्या!" कुणीतरी ओरडलं. "देव खडावा काढून राह्यला!"

पिवळं पाणी, मग खुंट्यांच्या रंगाचं तांबडं पाणी. खुंट्या वितळल्या, टाचा वितळल्या, नाव सोडून निघाल्यासारख्या त्या दोन्ही खडावा भिंतीवरून घसरत परातीत उतरल्या. डफ वाजू लागले. माझ्या पाठीवर थापा पडू लागल्या. मी डोळे मिटून नम्रपणे मान हलवत होतो, हत्तीच्या वेळी हलवली असती तशीच.

आणि डफ एकदम थांबले. मी डोळे उघडले.

खडावा गेल्या होत्या. खाली काही नव्हतं. दाजीबांनी काहीही सांगितलं असलं तरी माझी समजूत, की जुन्या पायांचा थोडासा तरी रंग, एखादी रेघ, अंगठ्याचा एखादा डाग खाली असेल. नव्हता. घोट्याखाली नुसता पांढरा चुना. राम हवेत लटकला होता. सगळी नाव, लक्ष्मण, वाघ, मगर, सगळे डोळे ताणून त्या कोऱ्या जागेकडे बघत होते, आणि आता मंदिरातले सगळे माझ्याकडे बघू लागले. मी दार किती दूर आहे ते पाहिलं. मधे सोमा होता.

भागरताबाईला यातलं काही कळलंच नाही. तिनं लोट्यातलं उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं, डोळे मिटले आणि दोन्ही हात त्या पांढऱ्या जागेवर ठेवले. ठेवले म्हणजे, ते आत गेले. तेव्हा मला दिसलं. तिथे चुना सपाट नव्हता. दोन खळगे होते, शेजारी शेजारी, घासून घासून अंड्याच्या कवचासारखे गुळगुळीत झालेले. इतक्या वर्षांच्या हातांनी भिंत झिजवून केलेले. म्हातारीचे तळवे त्यांत असे बसले, जसा पाय जुन्या वहाणेत बसतो.

"हे काय पाय," ती म्हणाली. "सासूनं हात धरून इथीच ठेवला होता. असाच थंड लागला होता." आणि ती धूत राहिली. पोटभर. कुणी घाई केली नाही. खळग्यांतून पाणी तिच्या मनगटांवर आलं, कोपरांवरून परातीत पडलं. आता ते स्वच्छ होतं.

मी भिंतीकडे पाहिलं. राम खाली बघत होता, लक्ष्मण बघत होता, नावाड्याची बायको वाकून बघत होती. सगळे भागरताबाईच्या हातांकडे बघत होते. चित्राला जे कमी होतं ते आता जागेवर आलं होतं. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "मांडणी पाहिलीत?" त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि या खेपेला बोटांवर वरण नव्हतं.

भागरताबाईनं पदरानं ते खळगे टिपले. मग रामाच्या गुडघ्यावर हलकेच चापट मारली.

"बस आता नावेत."

त्यानंतर जो गलका झाला तो नागपूरपर्यंत ऐकू गेला असणार. माझी बायको म्हणते, तिनं ऐकला नाही. ती तेव्हा झोपली असेल.

परतीची नाव

दुसऱ्या दिवशी तलावात जाळी पडली. निघालेला मरळ एवढा मोठा होता, की त्याला पाळीवर आणायला बैलजोडी लावली, आणि तरी एक बैल पाण्यात ओढला गेला. मास्तरांनी तो पाहिला नाही. ते भिंतीपुढे बसून कागदावर सीतामाईंचा डोळा उतरवत होते. भागरताबाईनं पहिला रस्सा आमच्याकडे पाठवला, भरपूर तिखट, वर कच्च्या आंब्याची फोड. मास्तरांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, त्या रात्रीचे झिंगेही माझ्याच ताटात सरकवले होते. त्यांनी दोन वाट्या पिऊन विचारलं, "ही भाजी कसली?" मी म्हणालो, कमळाची. ते हे वाचतील तेव्हा वाचतील.

तिसऱ्या दिवशी दाजीबा आम्हाला घाटावर पोचवायला आले. ऊन मी म्हणत होतं. दाजीबांनी आपली ती राखेच्या रंगाची छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली.

"पुढच्या साली कोणा सायबानं विचारलं, की रामाचे पाय कुठी आहेत," मी म्हणालो, "तर काय सांगाल?"

"म्हनीन, हात लावून पाहा." दाजीबा थोडं थांबले. "पेंटर मीच आनला होता, भाऊ. माह्या तोंडानं पुसा म्हनाची सोय नव्हती. अन् ढिवरं खरडू देत नव्हते. लय दिवस इचार करून राह्यलो होतो, आता हा रंग उतरवाले कोन भेटते. अन् मोटारीत तुमी भेटले."

"चित्रकार म्हणून ओळखलंत तुम्ही मला!"

"कायचे चित्रकार!" दाजीबांनी छत्री माझ्या नाकासमोर फिरवली. "हे छत्री मागच्या साली तुमच्याच दुकानातून घेतली. तुमच्याच हातानं देल्ली. काळी कुचकुचीत होती. पहिल्याच पान्यात धोतर काळं, सदरा काळा, घरी गेलो तं बायकोनं ओळखलं नाई. मोटारीत तुमाले पाह्यलं अन् म्हटलं, रंग उतरवाले याच्याहून मोठा कारागीर आपल्याले कुठी भेटते?"

मास्तर वाळूत बसून हसले. मी मान ताठ ठेवून सांगितलं, की ती छत्री आमच्या दुकानातली नाहीच, आमच्या मालाचा रंग समुद्रात बुडवला तरी जात नाही. आणि पुरावा म्हणून माझी स्वतःची छत्री काखेतून काढली. कोरी, काळीभोर.

सोमानं वल्हं आडवं धरलं. मी न बोलता पाय धुतले, अंगठ्याच्या बेचकीत बोट घालून, नीट. आणि नावेत बसून छत्री उघडायला लागलो.

"ना ना, भाऊ!" सोमा ओरडला. "ते मिटा! रामाच्या पायानं नावेची बाई झाली तं पोसून घेईन कसातरी. तुमच्या छत्रीनं नाव काळी झाली तं कोन बसन तिच्यात?"

मी छत्री मिटली.